थेल्माची जोडफळी

थेल्मा हॅक्सबीला खुर्ची दाखवा, ती आधी तिला पालथी घालते. बसून बघणं, हात फिरवणं, किंमत विचारणं हे सगळं नंतर. टेबल असेल तर ते काही पालथं घालता येत नाही, म्हणून मग थेल्माच खाली जाते. तिचा एक गुडघा ऑपरेशन करून बसवलेला आहे, त्यामुळे ते खाली जाणं म्हणजे एक सोहळाच असतो. एका हाताने जवळचं कपाट धरायचं, दुसरा हात हवेत, मग एक गुडघा, मग एक शिवी, मग दुसरा गुडघा. आणि मग टेबलाखालून आवाज येतो, "हं! या, या. कुठे होतात इतके दिवस?"

"वरून काय, कुणीही पुसून ठेवतं," ती म्हणते. "खालून कोण पुसतंय?"

ब्रिडलिंग्टनच्या मुख्य रस्त्यावर दान आलेल्या वस्तू विकणारी सात दुकानं आहेत. एक बेवारशी मांजरांसाठी, एक हृदयरोग्यांसाठी, एक समुद्रात अडकलेल्यांना वाचवणाऱ्यांसाठी, अशी. आमचं हॉस्पिससाठी, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरासाठी. पूर्वी तिथे गालिचे विकायचे, त्यामुळे जागा ऐसपैस, म्हणून फर्निचर आमच्याकडे जास्त येतं. मी तिथे पहिल्यांदा गेले ती आमच्या हौशी नाटकमंडळीसाठी एक स्टूल शोधायला. स्टूल उचललं, तर मागून आवाज आला.

"ठेव ते खाली. कोण बसणार आहे त्यावर?"

"नाटकातली म्हातारी."

"कसली म्हातारी?"

"श्रीमंत. नवऱ्याला विष घालते."

"मग हे नको." तिने स्टूल माझ्या हातातून घेतलं, पालथं केलं आणि एका पायावर बोट ठेवलं. "हे चट्टे बघ. इथे दोरी गुंडाळलेली होती. मांजराला नखं घासायला. आता मला सांग, जी बाई मांजरासाठी इतकं करत बसते, ती नवऱ्याला विष घालेल?"

"नवऱ्यापेक्षा मांजर आवडतं असेल," मी म्हटलं.

थेल्माने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि मग चहाचं विचारलं. त्या दिवसापासून मी त्या दुकानात फुकट राबते आहे.

थेल्माही फुकटच राबते. तिचं काम म्हणजे चित्रकोडी तपासणं. लोक घरातली जुनी चित्रकोडी दान देतात, हजार-हजार तुकड्यांची. पण खोक्यात सगळे तुकडे आहेत की नाहीत हे कळणार कसं? कुणीतरी बसून ते लावल्याशिवाय नाही. म्हणून मागच्या खोलीत, चहाच्या किटलीशेजारी, दोन लाकडी घोड्यांवर एक फळी टाकलेली होती, वरून हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ठोकलेली, त्यामुळे तुकडे घसरत नाहीत. त्या फळीवर थेल्मा आगगाड्या लावायची, पवनचक्क्या लावायची, टोपलीतली मांजरीची पिल्लं लावायची. सगळे तुकडे मिळाले की खोक्यावर लिहायचं, 'पूर्ण'. एखादा नसला तर तेही खरं लिहायचं: 'डाव्या पिल्लाचा कान नाही'. गंमत म्हणजे ही कान नसलेली कोडी आधी खपतात. लोकांना खरं बोलणाऱ्याचा विश्वास वाटतो.

ती फळी मात्र मरणाची जड होती. आठवड्यातून एकदा झाडताना आम्ही दोघी ती उचलायचो, आणि आमचा मॅनेजर कॉलिन दारातून म्हणायचा, "कोण वारलं?"

कोडं लावताना थेल्माचा डावा अंगठा नेहमी फळीच्या कडेला असायचा. तिथे बनातीखाली एक लहानसा खळगा होता, अंगठा बरोबर बसेल असा. तुकडा सापडेना की अंगठा त्या खळग्यात गोल गोल फिरायचा.

आता तिच्या टेबलाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

थेल्मा आणि तिचा नवरा रॉय आयुष्यभर मासे-बटाटे तळणाऱ्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत राहिले. ती गावातल्या शाळेत पोरांना जेवण वाढायची. तीनशे पोरं रोज. पण स्वतःच्या घरी चार माणसं जेवायला बोलवायची म्हटली तर दोघांनी पलंगावर बसायचं. रॉय गेला, मग तिला नगरपालिकेचं एक बैठं घर मिळालं. पुढची खोली मोठी. त्या खोलीसाठी तिने घेतलेली पहिली वस्तू म्हणजे आमच्याच दुकानातलं महोगनीचं टेबल. सहा वर्षं झाली त्याला.

हे टेबल मधून ओढलं की उघडतं, आणि त्या फटीत एक जादा फळी बसवायची असते, जोडफळी. फळी नसेल तर सहा माणसं बसतात, असेल तर दहा. टेबल ओढलं तेव्हा मध्ये नुसतीच फट. पुढचे दात पडल्यासारखी.

यात आश्चर्य काही नव्हतं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. इकडे जोडफळी वर्षातून एकदा नाताळाला निघते, बाकीचे दिवस ती कपाटाच्या मागे नाहीतर पलंगाखाली असते. म्हातारी गेली की मुलं येऊन घर रिकामं करतात. टेबल आमच्याकडे येतं. कपाटामागे काय आहे हे कोण बघतं? टेबलं येतात, फळ्या येत नाहीत.

पण थेल्माने पत्करलं. टेबलाखाली जाऊन तिने आणखी एक गोष्ट शोधली होती, फटीच्या कडेला सुताराने पटाशीने केलेली एक खूण, कोंबडीच्या पायासारखी. "सुतार टेबलावर आणि त्याच्या फळीवर एकच खूण करायचा," ती मला म्हणाली. "दुकानात दहा टेबलं असायची ना, फळ्यांची सरमिसळ नको म्हणून. म्हणजे हिची एक बहीण आहे. कुठेतरी आहे."

तिने टेबलाच्या रुंदीएवढा निळ्या लोकरीचा धागा कापला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि पर्समध्ये टाकला. सहा वर्षं तो धागा घेऊन ती किनाऱ्यावरचं एकेक गाव हिंडली. बसने व्हिटबी, बसने हल. जिथे फळी दिसेल तिथे धागा लावायचा. लोकांच्या कपाटांमागे डोकवायचं. एकदा तर एका अंत्यविधीनंतरच्या चहाला गेली आणि यजमानीणबाईंच्या पलंगाखाली सापडली. "चष्मा पडला," म्हणाली. चष्मा डोळ्यांवर होता.

फळी नाही मिळाली, पण खुर्च्या मिळाल्या. एकेक करून नऊ. एकीला दुसरीची ओळख नाही. एकीच्या पुढच्या पायाचं पॉलिश एकाच जागी गेलेलं. "ही बाई पाय अडकवून बसायची. अस्वस्थ होती. किंवा बुटकी." दुसरीचा पाय कुत्र्याने चावलेला. तिसरीच्या पाठीच्या खाचेत खडूची भुकटी. "मास्तर," थेल्मा म्हणाली. मी म्हटलं, "शिंपीही असेल, तोही खडू वापरतो." त्यावर ती दोन दिवस विचारात होती. तिसऱ्या दिवशी दुकानात शिरताच म्हणाली, "शिंपी टेकून बसत नाही. मास्तरच."

आणि मग पॉलीन.

पॉलीन म्हणजे रॉयची मोठी बहीण, थेल्माची नणंद. बाई वाईट नाही. उलट इतकी चांगली, की तिच्यापुढे दुसऱ्याला चांगलं व्हायला जागाच उरत नाही. दर ईस्टरला जेवण तिच्याकडे. घर मोठं, टेबल मोठं, कोकराची तंगडी मोठी. थेल्माने फक्त ट्रायफल, म्हणजे केक-कस्टर्डचं गोड, करून न्यायचं आणि बसायचं पियानोच्या स्टुलावर, कोपऱ्यात, जिथे टेबलाचा पाय बरोबर गुडघ्यांच्या मध्ये येतो. तीस वर्षं. एकदा खुर्ची मोकळी होती तरी पॉलीन म्हणाली होती, "थेल्माला स्टूलच आवडतं."

गेल्या नाताळाला थेल्मा सगळ्यांसमोर बोलून गेली, "या ईस्टरला सगळे माझ्याकडे."

पॉलीनची माणसं आठ. थेल्मा नऊ. आणि तिने मला बोलावलं होतं, म्हणजे दहा.

जानेवारीत ती निर्धास्त होती. मार्चमध्ये तिने दोन टेबलं जोडून बघितली. एक वर, एक खाली, मध्ये पायरी. ईस्टरच्या आठवड्यात दुकानाचा फोन वाजला आणि कॉलिनने मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"अगं थेल्मा, मी म्हणत होते," पॉलीनचा आवाज लोण्यासारखा, "कशाला दगदग करतेस? माझ्याकडेच करू ना, दरवर्षीसारखं. गुडघा तुझा तसला. मांस मीच आणते. फक्त शनिवारी मला सांग, खाटीक सहाला बंद करतो."

"सांगते," थेल्मा म्हणाली.

"आणि ट्रायफल मात्र तुझंच हं! स्टूल आहेच."

थेल्माने फोन ठेवला आणि कोड्याकडे गेली. पवनचक्कीचं आभाळ लावायचं बाकी होतं, सगळे तुकडे निळे. बराच वेळ तिने एकही तुकडा उचलला नाही. नुसता अंगठा फिरत होता.

हा झाला मंगळवार. गुरुवारी कॉलिनच्या हातातला चहा सांडला.

सांडला तो थेट फळीवर, पवनचक्कीसकट. थेल्मा ओरडली, मी तुकडे गोळा केले, कॉलिन 'सॉरी सॉरी' करत पेपरने टिपत राहिला. बनात मात्र चिंब झाली.

"काढा ती," थेल्मा म्हणाली. "वाळली नाही तर कुबट वास मारेल. पालथी घाला."

आम्ही फळी पालथी केली. बनात खालच्या बाजूला वळवून बारीक खिळ्यांनी ठोकलेली होती, आणि मध्ये जाड पुठ्ठा. मी स्क्रूड्रायव्हरने एकेक खिळा उपटत गेले. पुठ्ठा सुटला. खाली गडद तपकिरी लाकूड.

"अरे, बरं आहे की लाकूड," कॉलिन म्हणाला. "मला वाटलं प्लायवुड असेल."

थेल्माने कड सोडवली. जिथे तिचा अंगठा सहा वर्षं बसत होता तिथे एक गोल भोक होतं. दुसऱ्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर दुसरं. समोरच्या कडेला भोकं नव्हती, तिथे करवतीने कापलेल्या दोन खुंट्यांचे गोल डाग होते.

"पोरी," ती मला म्हणाली, "माझी पर्स दे."

लोकरीचा धागा इतका वापरून झाला होता की निळ्याचा करडा झाला होता. एक गाठ या टोकाला. दुसरी गाठ त्या टोकाला. बरोबर बसली.

"होतं असं," कॉलिन म्हणाला. "एका मापाच्या पुष्कळ..."

"गप्प बस. दिवा धर."

कॉलिनने मोबाइलचा दिवा धरला. थेल्माने थुंकी लावून कड पुसली. कोंबडीचा पाय.

मी ओरडले. कॉलिन तर हसायलाच लागला, भिंतीला टेकून, पोट धरून. "काखेत कळसा! थेल्मा, अगं काखेत कळसा, आणि तू हलपर्यंत वळसा घालून आलीस!"

"सिडने केलं हे," थेल्मा हळूच म्हणाली. सिड म्हणजे कॉलिनच्या आधीचा मॅनेजर, आता स्पेनला ऊन खात असतो. "माझा गुडघा केला तेव्हा मी घरी होते. परत आले तर म्हणाला, बघ तुझ्यासाठी काय केलंय, कोडी लावायला. टेबलवाल्यांपैकी कुणीतरी नंतर आणून टाकली असेल, नुसती फळी. आणि सिडने प्रेमाने खुंट्या कापल्या." तिने हात फिरवला. "मूर्ख माणूस. भेट दिली मला."

"चल, घेऊन जा," कॉलिन म्हणाला. "गाडीत टाकतो माझ्या."

"नाही."

"म्हणजे?"

थेल्माने भिंतीकडे बोट दाखवलं. किटलीच्या वर तिच्याच अक्षरात लावलेली पाटी होती: *इथे काम करणाऱ्याने कुठलीही वस्तू एक अख्खा दिवस दुकानात मांडल्याशिवाय विकत घ्यायची नाही.* पूर्वी चांगलं काही आलं की मागच्या खोलीतच वाटून घेतलं जायचं, आणि गिऱ्हाईक बिचारं फुटक्या बशा चिवडत बसायचं. थेल्माने ते बंद पाडलं होतं.

"अगं पण ही काय वस्तू आहे? ही फळी आहे. सहा वर्षं तुझ्या हाताखाली आहे."

"मागच्या खोलीत आहे. मांडलेली नाही."

"थेल्मा."

"तुझा गळ आठवतो?"

कॉलिनचा चेहरा पडला. दोन वर्षांपूर्वी एक सुरेख मासेमारीचा गळ आला होता, वेताच्या काठीचा. कॉलिनला तो हवा होता. थेल्माने तो मांडायला लावला आणि दुपारी एक पर्यटक घेऊन गेला. कॉलिन अजून अधूनमधून त्याचं नाव काढतो, दिवंगत नातेवाइकाचं काढावं तसं.

"तुझ्या गळाला जो नियम, तोच माझ्या फळीला," थेल्मा म्हणाली. "उद्या गुड फ्रायडे, सुट्टी. शनिवारी मांड. उघडल्यापासून बंद होईपर्यंत."

"आणि कुणी नेली तर?"

"तर नेली."

हे ती बोलली खरी, पण नंतर तिने चहात मीठ घातलं, आणि ते पिऊनही टाकलं.

शनिवारी कॉलिनने किंमत लावून ती फळी दुकानाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, एका कपाटाआड उभी केली. थेल्मा आली, तिने बघितलं आणि फळी ओढत ओढत दारासमोर आणली.

"तू माणूस आहेस की दगड?" कॉलिन म्हणाला.

"दिसेल अशी ठेव. मांडणं म्हणजे मांडणं."

ईस्टरचा शनिवार, गावात पर्यटकांची गर्दी. एक जोडपं थांबलं. बाईला फळी पलंगाच्या डोक्याशी लावायची होती, नवरा म्हणाला, आपला पलंग भिंतीला आहे. गेले. एका मुलीने तिचा फोटो काढला. एका म्हाताऱ्याने वाकून विचारलं, "ही शवपेटीची आहे का?" थेल्मा पलीकडे ट्रेवर कोडं घेऊन बसली होती. डावा अंगठा ट्रेच्या कडेवर काहीतरी शोधत होता आणि सापडत नव्हतं.

तीनच्या सुमाराला एक जाडजूड माणूस आला, चपटी टोपी, कोटाच्या बाहीला पीस चिकटलेलं. त्याने फळीवर बोटांनी ठोकून पाहिलं.

"ताई, चांगली आहे का ही?"

मी थेल्माकडे बघितलं.

"चांगली आहे. महोगनी. अस्सल."

"कुजणार नाही ना?"

"तुमच्या-माझ्या आधी नाही."

"मग झालं. कबुतरांना हवी आहे."

गल्ल्यावरून कॉलिनला ठसका लागला.

"कबुतरांना," थेल्मा म्हणाली.

"शर्यतीची आहेत माझी. नवीन खुराडं बांधलंय. बसायला फळी हवी त्यांना."

"बसायला."

"बसायला, आणि बसल्यावर कबुतरं जे करतात ते करायला."

मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर फळीवर आडवी पडणार. पण थेल्माच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी आलं. पालथ्या खुर्चीकडे बघताना येतं ना, तसं.

"किती आहेत?"

"चाळीस."

"चाळीस कबुतरं एका फळीवर? भांडत नाहीत?"

"भांडतात म्हणजे! सगळ्यांना उंचावरच बसायचं असतं. आमचा एक नर आहे, त्याने तर दुसऱ्याचा डोळाच..."

"अगंबाई. मग त्यांना वर-खाली अशा चार-पाच फळ्या नकोत का? म्हणजे ज्याला त्याला आपलं उंच."

माणसाने टोपी मागे सारली. "हव्यात खऱ्या. पण मिळतात कुठे?"

"मंगळवारपासून चार दुकानं पलीकडे एक पुस्तकांचं कपाट आहे," थेल्मा म्हणाली. "पाइनचं. पाठ निघालीय म्हणून कुणी घेत नाही. कबुतरांना कपाटाची पाठ कशाला? वारा खेळता राहील. पाच फळ्या, आणि या एकीपेक्षा स्वस्त."

"कुठलं दुकान?"

"मांजरांचं."

"मांजरांच्या दुकानातून कबुतरांसाठी?"

"तिथे सांगू नका कुणाला."

तो खो-खो हसला. मग फळीवर हात ठेवून म्हणाला, "बरं, बघून येतो. पण ही धरून ठेवा माझ्या नावाने. स्टॅन म्हणतात मला. ते नाही पटलं तर हिला नेतो."

नियम नियम असतो. कॉलिनने चिठ्ठी लिहून फळीला लावली: *राखून ठेवली – स्टॅन.* थेल्माने कोट चढवला.

"तू कुठे?" कॉलिन म्हणाला.

"त्याला दुकान सापडलं नाही तर?"

"थेल्मा, चार दुकानं पलीकडे. दारावर माणसाएवढं मांजर रंगवलंय."

ती लंगडत त्याच्यामागे गेलीसुद्धा.

साडेचार झाले. पाच झाले. ती येईना. मी फळीवरच्या चिठ्ठीकडे बघत होते. कॉलिन म्हणाला, "कपाट राहिलं बाजूला, ती त्याला खुराडं कसं बांधायचं ते शिकवत असेल." दुकान साडेपाचला बंद. फोन वाजला. पॉलीन.

"थेल्मा आहे का? खाटकाकडे उभी आहे मी."

"बाहेर गेली आहे," मी म्हटलं.

"मग घेऊन टाकते मी तंगडी. तिला म्हणावं काळजी करू नको."

"थांबा," मी म्हटलं. "पाच मिनिटं."

"अगं, रांग आहे मागे."

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. एक जुनाट गाडी दारात थांबली, टपावर दोरीने बांधलेलं पुस्तकांचं कपाट, आणि पुढच्या सीटवर थेल्मा, मांडीवर कबुतराचा रिकामा पिंजरा. स्टॅनने काच खाली केली. "ती चिठ्ठी फाडा हो! पाच फळ्या मिळाल्या. बाई बाजारात वस्ताद आहेत तुमच्या. त्या दुकानदारणीने वर हा पिंजरा फुकट दिला."

"तिने कपाट घासून ठेवलं होतं," थेल्मा आत येत मला म्हणाली, धापा टाकत. "पण खालच्या फळीच्या पोटाला अजून पुस्तकांवर असतात तसले शिक्के होते. वाचनालयाचं आहे, बघ. कबुतरं आता शिकतील."

मी नुसता फोन पुढे केला. तिने तो घेतला, घड्याळाकडे बघितलं. बंद व्हायला अजून काही मिनिटं होती. ती थांबली. पलीकडून पॉलीन "हॅलो, हॅलो" करत होती. शेवटी कॉलिनने शटर ओढलं, खडखडाट झाला, आणि थेल्मा म्हणाली,

"पॉलीन, तंगडी माझ्याकडे आहे. परवाच आणली. उद्या एक वाजता. ट्रायफल तू आण."

फोन ठेवून ती गल्ल्यापाशी गेली आणि पर्स उघडली. कॉलिन म्हणाला, "एक विचारू? गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात पोचवून देणं, हे कुठल्या नियमात बसतं?"

"नियम विकत घेण्याचा आहे. वाट दाखवण्याचा नाही." मग जरा थांबून, "आणि तू परवा 'आण' म्हणालास म्हणून तंगडी आणली, नाहीतर मी नसती आणली."

"मी कधी म्हणालो?"

"मग मीच म्हणाले असेन."

कापलेल्या खुंट्यांच्या जागी नव्या हव्या होत्या. थेल्माने घरून शाळेच्या स्वयंपाकघरातला जुना लाकडी डाव आणला होता, हातभर लांब, तीनशे पोरांची खीर ढवळलेला. कॉलिनने त्याच्या दांड्याच्या खुंट्या करून दिल्या. जेवायला मात्र येत नाही म्हणाला, भरती सकाळची होती आणि त्याला गळ टाकायचा होता. नवीन. फायबरचा. हे त्याने थेल्माकडे बघून दोनदा सांगितलं.

रविवारी सकाळी मी आणि थेल्माने टेबल ओढलं आणि फट उघडली. फळी आत उतरवली. खुंट्या भोकांत गेल्या, सरकन, आणि दोन्ही बाजू मिटल्या. थेल्मा लगेच टेबलाखाली गेली. मीही गेले. कोंबडीचा एक पाय इकडे, एक तिकडे, नखाला नख.

वर आलो तेव्हा दिसलं की रंग जुळत नाहीत. टेबलाने एवढी वर्षं ऊन खाल्लेलं, ते चहासारखं फिकट झालेलं, आणि मधली फळी बनातीखाली राहून काळीभोर. टेबलाला पट्टा बांधल्यासारखी.

"टेबलक्लॉथ घालायचा?" मी विचारलं.

"आता? इतकं शोधून?" थेल्मा म्हणाली. "पोरी, डोकं ठिकाणावर आहे का?"

एक वाजता पॉलीन आली. मुलगा, सून, मुलगी, जावई, तीन नातवंडं. आणि जावयाच्या बगलेत पियानोचं स्टूल.

"म्हटलं असू दे," पॉलीन म्हणाली. "खुर्ची कमी पडली तर." मग तिची नजर टेबलाकडे गेली. सगळ्या नऊ खुर्च्यांकडे, काळ्या पट्ट्याकडे. "हा... हा डाग आहे का?"

"डाग नाही. बहीण आहे," थेल्मा म्हणाली, आणि जावयाच्या हातातलं स्टूल घेतलं. खुर्ची एक कमी पडत होतीच. तीस वर्षं ती त्या स्टुलावर बसली होती, पण दुसऱ्याच्या घरी जाऊन कुणी स्टूल पालथं घालतं का? आता ते तिच्या घरात होतं. तिने ते पालथं घातलं.

खाली, कोपऱ्यात, काहीतरी चिकटलेलं होतं. दगडासारखं कडक, करडं.

"शी! च्युइंगगम आहे," पॉलीनची नात म्हणाली.

पॉलीन वाकली. मग ती एकदम हसली. मी तिला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं, तोंडावर हात न ठेवता. "रॉयचं! अगं, रॉयचं ते. लहानपणी पियानोचा तास असायचा ना दर बुधवारी, बाई यायच्या आधी तोंडातलं काढून तिथे चिकटवायचा. तास संपला की परत तोंडात. हे शेवटचं राहिलं असेल. मग त्याने पियानो सोडला."

थेल्माने स्टूल खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं आणि चष्मा वर सारला. "दाताची खूण आहे," ती म्हणाली. "पुढचा वाकडा दात. इथे बघ."

"आहे खरी," पॉलीन म्हणाली. मग सवयीने, "अगं पण खरवडून टाक ते, जेवायच्या वेळी..."

"हात लावायचा नाही." थेल्माने स्टूल सरळ केलं, टेबलाच्या मुख्य बाजूला ठेवलं, आणि स्वतः त्यावर बसून मांस कापायची सुरी घेतली. "बसा सगळे. पॉलीन, तू हवी ती खुर्ची घे."

पॉलीन पायाचं पॉलिश गेलेल्या खुर्चीपाशी गेली. बसणार, इतक्यात थांबली. इकडेतिकडे बघितलं. मग खुर्चीची पाठ धरून, सगळ्या पोराबाळांसमोर, ती हळूच खाली वाकली.

"थेल्मा," खालून आवाज आला, "हिच्यावर कोण बसायचं गं?"